निळ्या केसांची गायिका आणि आपला ‘ओके दादा’ करार

२ जुलै २००९. जपानमध्ये सेगा कंपनीने पीएसपीसाठी, म्हणजे प्लेस्टेशन पोर्टेबल नावाच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी, एक गेम बाजारात आणला. नाव ‘हात्सुने मिकू: प्रोजेक्ट दिवा’. त्यात मारामारी नाही, गाड्यांची रेस नाही. गाणं वाजतं, स्क्रीनवर हिरवट-निळ्या केसांची एक मुलगी नाचते आणि गाते, आणि आपण तालावर बटणं दाबायची. बस्स, एवढाच खेळ.

पीएसपीला उजव्या बाजूला चार बटणं असतात: गोल, फुली, चौकोन, त्रिकोण. स्क्रीनवर कुठेतरी एक चिन्ह उमटतं, त्यात घड्याळासारखा काटा फिरतो, आणि तसंच दुसरं चिन्ह उडत येऊन त्याच्यावर बसतं. काटा बारावर आला की बटण दाबायचं. ठोका नेमका पडला तर ‘कूल’, थोडा मागेपुढे झाला तर ‘फाइन’, मग ‘सेफ’, ‘सॅड’ असं खाली खाली. भजनात टाळ चुकला की बुवा डोळे वटारतात ना, ते काम इथे यंत्र करतं.

आता गंमत ऐका. ही गाणारी मुलगी जगात कुठेच नाही. ती एका सॉफ्टवेअरच्या खोक्यावरचं चित्र आहे. आणि गेममधली बहुतेक गाणी कोण्या मोठ्या म्युझिक कंपनीची नव्हती. घरात कॉम्प्युटरपुढे बसलेल्या साध्या लोकांनी, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या कस्टमरनी आणि त्यांच्यासारख्याच हौशी मंडळींनी ती बनवली होती. एका कंपनीने माल विकला, कस्टमरने त्या मालातून गाणी बनवली, त्या गाण्यांवर दुसऱ्या मोठ्या कंपनीने गेम बनवला, आणि तो गेम परत त्याच लोकांनी विकत घेतला. बीबीएला असताना ‘व्हॅल्यू चेन’चे बाण मी पानभर काढले आहेत, पण फिरून परत कस्टमरच्या घरी जाणारा बाण पुस्तकात कधी दिसला नाही.

तुम्ही म्हणाल, भाऊ, चंद्रपूर-गडचिरोलीत पीएसपी होता कोणाकडे? बरोबर आहे. आपल्या पिढीचा हातातला गेम म्हणजे ब्रिक गेम. महाकालीच्या यात्रेतून आणलेला, दोन सेलवर चालणारा, खोक्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेला आणि आत मोजून दहा-बारा गेम निघणारा. पण मागच्या वर्षी दुकानात कॉलेजातली एक पोट्टी मोबाइलचं कव्हर शोधत आली. तिला दोन लांब शेपट्या बांधलेली निळ्या केसांची बाई पाहिजे होती. नाव सांगितलं मिकू. म्हणजे चित्र इथपर्यंत पोचलं आहे. हे चित्र इतकं लांब चाललं कसं, हे दुकानदाराच्या नजरेने पाहण्यासारखं आहे.

पडून राहिलेला माल

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे, तिथलं साप्पोरो शहर. थंडीचं, बर्फाचं, टोकियोपासून दूर. तिथे हिरोयुकी इतो यांनी १९९५ मध्ये क्रिप्टन फ्यूचर मीडिया नावाची कंपनी काढली. धंदा काय, तर आवाज विकायचा. दरवाजाचा आवाज, पावसाचा आवाज, वाद्यांचे तुकडे. ज्याला जाहिरात, सिनेमा किंवा गेम बनवायचा आहे तो विकत घेणार. छोटं गिऱ्हाईक, ठरलेली मागणी. आपल्याकडे एखाद्याचं फक्त बेअरिंगचं दुकान असतं तसं समजा.

यामाहा कंपनीने ‘व्होकॅलॉइड’ नावाचं तंत्र काढलं होतं. शब्द लिहा, सूर लावा, कॉम्प्युटर गाऊन दाखवतो. क्रिप्टनने हे तंत्र वापरून २००४ मध्ये ‘मेइको’ नावाचा बाईचा आवाज विकायला काढला आणि खोक्यावर एका मुलीचं चित्र छापलं. माल बरा गेला. २००६ मध्ये ‘काइतो’ नावाचा पुरुषाचा आवाज काढला. तो पडून राहिला. डेड स्टॉक.

तिसऱ्यांदा त्यांनी नीट विचार केला. साकी फुजिता या आवाजाच्या कलाकाराचा आवाज घेतला, केई नावाच्या चित्रकाराकडून पात्र काढून घेतलं आणि ३१ ऑगस्ट २००७ ला ‘हात्सुने मिकू’ बाजारात आली. नावाचा अर्थ साधारण ‘भविष्यातला पहिला सूर’. माहिती म्हणून दिलं फक्त एवढं: वय १६, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ४२ किलो, आणि कोणत्या प्रकारची गाणी शोभतील त्याचा अंदाज. घर कुठलं, आईबाप कोण, स्वभाव कसा, काहीच नाही. गोष्ट मोकळी ठेवली.

ही मोकळी जागा लोकांनी भरली. त्याच वर्षी जपानमध्ये ‘निको निको डौगा’ नावाची व्हिडिओची साइट जोरात होती. मिकू बाजारात आली तशी तिथे गाण्यांची रांग लागली. एकाने गाणं केलं, दुसऱ्याने त्यावर चित्र काढलं, तिसऱ्याने त्या चित्राला हलवलं, चौथ्याने स्वतःच्या आवाजात गाऊन परत टाकलं. सप्टेंबर २००७ मध्येच कोणीतरी फिनलंडच्या एका जुन्या पोल्काची मजेशीर आवृत्ती टाकली. त्यात गोलमटोल मिकू हातात लांब पातीचा कांदा घेऊन फिरवते. कांदाच का? तर चाहत्यांचं आधीचंच एक थट्टेचं प्रकरण होतं, बाकी कारण नाही. कंपनीने कधी कांदा दिला नव्हता. पण लोकांना तो आवडला, आणि कंपनीने तो नाकारला नाही. आज अधिकृत मालावरही तो कांदा आहे. आणि हो, पडून राहिलेल्या काइतोलाही या गर्दीत गिऱ्हाईक सापडलं. शेजारच्या फळीवरचा माल हलला की जुना मालही हलतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

इथे दोन रस्ते फुटतात

असं झालं की मालकाच्या पोटात गोळा येतो. आपलं चित्र कोणीही वापरतोय, कोणी उद्या घाण करेल, कोणी पैसे कमवेल. सरळ मार्ग म्हणजे वकील लावून सगळ्यांना नोटीस. दुसरा मार्ग म्हणजे डोळे मिटून बसणं, ‘चालू द्या, आपली जाहिरातच होते.’ आपल्याकडे बहुतेक लोक दुसऱ्या मार्गाने जातात आणि नंतर पस्तावतात.

क्रिप्टनने तिसरं केलं. डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे माल आल्यावर चार महिन्यांच्या आत, ‘पियाप्रो’ नावाची साइट उघडली. गाणी, चित्रं, शब्द इथे टाका, एकमेकांचं घ्या, पण ज्याचं घेतलं त्याचं नाव द्या आणि त्याला कळवा. पात्राच्या चित्राबद्दल नियम लिहून जाहीर केले. पैसे न घेता वापरत असाल तर खुशाल वापरा, फक्त बदनामी होईल असं काही नको. पैसे कमवायचे असतील तर आमच्याशी बोला. पुढे मधला रस्ताही केला. चाहत्याने घरी बनवलेली वस्तू फक्त खर्च निघेल एवढ्या पैशात द्यायची असेल तर अर्ज करून परवानगी घ्या. २०१२ मध्ये परदेशी चाहत्यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचं बिगरव्यापारी लायसन्सही लावलं.

म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने बनवलेलं गाणं त्याचं. पात्राचं चित्र कंपनीचं. दोघांची हद्द कागदावर. हे एवढंच वाक्य पाठ केलं तरी आजचा लेख वसूल.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. त्याच डिसेंबरमध्ये भांडण पेटलं. मिकूचं एक फार गाजलेलं गाणं मोबाइलवर विकण्यासाठी ड्वांगो गटाच्या म्युझिक कंपनीने जासरॅककडे नोंदवलं. जासरॅक म्हणजे जपानमधली संगीताची रॉयल्टी गोळा करणारी संस्था. नोंदीत कलाकार म्हणून मिकूचं नाव आलं. क्रिप्टनने जाहीर आक्षेप घेतला, चाहते भडकले, कारण ‘आपलं’ गाणं उद्या आपल्यालाच बंद होईल ही भीती. शेवटी महिन्याच्या आत दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन काढून ते मिटवलं. पण बघा, वाद कशाचा होता? गाणं चांगलं की वाईट याचा नव्हता. कागदावर कोणाचं नाव, याचा होता.

मग सेगा आली

क्रिप्टन आवाज विकणारी छोटी कंपनी. गेम बनवणं तिच्या बसची गोष्ट नव्हती आणि तिने तो हट्टही केला नाही. खेळणी-पुतळे गुड स्माइल कंपनीने केले, गेम सेगाने केला. हातचं राखून बाकी वाटून दिलं. दुकान चालतं म्हणून हॉटेलही काढणाऱ्या आपल्या किती मित्रांना हे सांगावं लागतं!

सेगाच्या गेममध्ये गाणं सुरू होताना शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, चित्र कोणाचं, ही नावं स्क्रीनवर येतात. हौशी पोरांची टोपणनावं, पण येतात. गेम लोड होताना मध्ये जी चित्रं दिसतात ती पियाप्रोवरच्या चाहत्यांची. आणखी एक कप्पा दिला, ‘एडिट मोड’. स्वतःकडचं एमपीथ्री गाणं मेमरी स्टिकमध्ये टाका, मिकूला कुठे उभं करायचं, कसं नाचवायचं, कोणतं बटण कधी, सगळं स्वतः रचा. विकत घेतलेल्या गेममध्ये गिऱ्हाईक परत कारागीर झालं.

२०१० च्या जुलैत दुसरा भाग आला, २०१२ मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएसवर ‘प्रोजेक्ट मिराई’ आला, त्याच वर्षी पीएस व्हिटावर, २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर. यंत्रं बदलत गेली, गाणी वाढत गेली. सगळी यादी देत नाही, नाहीतर लेखाचा कॅटलॉग होईल.

एक मात्र सांगतो. ९ मार्च २०१० ला टोकियोत मिकूचा कार्यक्रम झाला. तारीख मुद्दाम ठरवलेली, कारण जपानीत तीनला ‘मि’ आणि नऊला ‘कु’ म्हणता येतं. मंचावर खरे वादक, आणि पारदर्शक पडद्यावर नाचणारी मिकू. ते थ्रीडी मॉडेल गेमचंच होतं. एकदा बनवलेला माल दुसऱ्या जागी वापरला. त्याच वर्षापासून साप्पोरोच्या बर्फाच्या उत्सवात ‘स्नो मिकू’ उभी राहते, आणि तिचा दर वर्षीचा पोशाख चाहत्यांकडून मागवलेल्या डिझाइनमधून निवडला जातो. गावाची ओळख, गावातल्या कंपनीचं पात्र, आणि कापड शिवणारा लांबचा कोणीतरी चाहता. ताडोब्याचा वाघ आपल्याकडे प्रत्येक पाटीवर आहे. पण वाघ कोणी काढला ते पाटीवर कधी वाचलं आहे का?

आपल्याकडे गाणी कोण करतो

झाडीपट्टीत गाण्याचा धंदा नवा नाही. धान निघालं, दिवाळी झाली, की वडशाच्या नाटक कंपन्यांचे फोन खणखणू लागतात. देसाईगंज म्हणा की वडसा म्हणा, कंपन्यांची ऑफिसं तिथे. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, पेंडाल लावतं, तिकीट लावतं, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कुठे शंकरपटाला जोडून, कुठे यात्रेला जोडून. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या चारही जिल्ह्यांची छाती फुगली. या नाटकात गाणं पाहिजेच. गाणारा, वाजवणारा, लिहिणारा वेगवेगळा. आणि आता पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाइल. पडदा पडायच्या आधी गाणं यूट्यूबवर.

माझं मत स्पष्ट आहे: ते रेकॉर्डिंग अडवायच्या मागे लागू नका. अडणार नाही, आणि पब्लिक नाराज होईल. सुरुवातीला माइकवरून सांगा की दोन मिनिटांची क्लिप टाका, कंपनीचं, गीतकाराचं आणि गायकाचं नाव लिहा, पूर्ण नाटक टाकू नका. पाटी लावा. हाच तुमचा पियाप्रो. फुकट.

खरा घोळ दुसरीकडे आहे. आमच्या एका बॅचमध्ये सिंदेवाही तालुक्यातला एक पोरगा होता. दिवसा इलेक्ट्रिकचं काम, रात्री घरी मोबाइल आणि एका माइकवर गाणी. शब्द त्याचे, चाल त्याची. हळदीचं एक गाणं त्याने केलं. एका यूट्यूब चॅनलवाल्याने व्हॉट्सअॅपवर विचारलं, गाणं पाठव, आपल्या चॅनलला टाकतो. याने उत्तर दिलं, ‘ओके दादा’, आणि एक अंगठा. गाणं चाललं. लग्नाच्या सीझनमध्ये डीजेवाले ते वाजवू लागले. वर्षभराने याने स्वतःचा चॅनल काढून तेच गाणं टाकलं, तर यूट्यूबने कॉपीराइट क्लेम दाखवला. त्याच्याच गाण्यावर, दुसऱ्याचा.

मी विचारलं, कागद काय आहे? त्याने मोबाइल पुढे केला. ‘ओके दादा’ आणि अंगठा. यात काय दिलं? एकदा टाकायची परवानगी, की गाणंच देऊन टाकलं? किती वर्षांसाठी? पैसे आले तर वाटा किती? चॅनलवाला वाईट माणूस आहे असंही मी म्हणणार नाही. त्याला वाटतं गाणं त्याला मिळालं, पोराला वाटतं त्याने फक्त टाकायला दिलं. दोघेही त्याच दोन शब्दांकडे बोट दाखवतात.

आपला कायदा इथे पोराच्या बाजूने बराच आहे, हे लोकांना माहीतच नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणं लिहिलं, चाल बांधली, की हक्क तिथेच तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, केली तर पुरावा म्हणून कामी येते. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचा तर ते लेखी आणि सहीने पाहिजे. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीने शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा ठेवला आहे. तो वाटा सही करूनही कंपनीला सोडून देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. रॉयल्टी गोळा करायला मुंबईत आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. पण कायदा बाजूने असून कामाचं काय, जर भांडायला वकील लागणार आणि वकिलाची फी गाण्याच्या कमाईपेक्षा जास्त!

म्हणून आधीच कागद. साधा, मराठीत, एक पान. त्या पोरासोबत बसून आम्ही पुढच्या गाण्यांसाठी तो लिहिला. जुन्या गाण्याचं अजून मिटलेलं नाही, चॅनलवाल्याशी बोलणं सुरू आहे. नव्या कागदात एवढं आहे: शब्द आणि चाल माझी, हक्क माझ्याकडेच. तुमच्या चॅनलवर २ वर्षं टाकायची परवानगी. मी माझ्या चॅनलवरही टाकू शकतो. क्लेमसाठी नोंदवायचं असेल तर माझ्या नावाने. वर्णनात गीतकार, संगीतकार आणि गायकाचं नाव पहिल्या ओळीत. कमाईचा वाटा किती टक्के आणि कोणत्या तारखेला. दोघांच्या सह्या, तारीख. पहिला चॅनलवाला हे वाचून म्हणाला, ‘एवढं काहून लिहून घेतोस, विश्वास नाही का?’ दुसऱ्याने मुकाट्याने सही केली.

आता मोबाइल कव्हर, टी-शर्ट, कप प्रिंट करणाऱ्या माझ्या भावांनो, हे तुमच्यासाठी. कॉलेजातली पोरगी स्वतःच्या वहीवर मिकू काढते, ती चालते. तुम्ही नेटवरून चित्र उचलून कव्हरवर छापून विकलं, तो धंदा झाला, त्याला परवानगी लागते. कंपनी साप्पोरोला आहे, चंद्रपूरला कोण बघतो, असं म्हणाल. बघत नसेलही. पण उद्या तुमच्या दुकानाचा लोगो किंवा तुम्ही बनवून घेतलेलं वाघाचं चित्र शेजारचा छापेल, तेव्हा तुम्ही कोणत्या तोंडाने भांडाल? त्या पोट्टीला मी मिकूचं कव्हर दिलं नाही. साधं पारदर्शक दिलं आणि सांगितलं, तुझं स्वतःचं चित्र कागदावर काढून आत घाल. तिने काढलं, बरं काढलं. आठ दिवसांनी तिच्या दोन मैत्रिणी पारदर्शक कव्हर मागायला आल्या.

दुकानासाठी पात्र किंवा लोगो बनवून घेत असाल तर चित्रकाराशीही असाच कागद करा, कारण पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप तुमचा झाला असं नेहमी नसतं. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एकट्या मालकाला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. फॉर्म कसा भरायचा, वर्ग कोणता निवडायचा, ते पुढच्या भागात स्क्रीन शेअर करून दाखवतो. तोपर्यंत झाडीपट्टीतली मंडळी, डीजेवाले, स्टुडिओवाले, तुमच्याकडे आजवरचे जे काही ‘ओके दादा’ पडलेले असतील त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.